मुंबई ते लंडन: अंतर एकच, मग विमानाचा वेळ दर वेळी वेगळा का?

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आई नोव्हेंबरात पहिल्यांदाच एकट्या मुंबईहून लंडनला जाणार आहेत आणि एप्रिलच्या अखेरीस परतणार आहेत. मुलगी लीड्सला राहते, त्यामुळे हीथ्रो विमानतळावर उतरून पुढे बसने जायचे आहे. अंतर शोधताना त्यांना एके ठिकाणी ७,२०० आकडा मिळाला, दुसरीकडे ४,४८०, तिसरीकडे ३,८९०. वेळेच्या बाबतीत आठ तास, साडेनऊ तास आणि दहा तास अशी तीन उत्तरे मिळाली. तिकिटावर मात्र पहाटे २ वाजता निघून सकाळी ६:३० ला पोहोचणार असे लिहिले आहे, म्हणजे जेमतेम साडेचार तास. यांपैकी खरे काय धरायचे आणि लीड्सच्या बसचे आरक्षण किती वाजताचे करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे विमान कंपन्यांच्या उड्डाण नियोजन कक्षात काम केले आहे. विमान कोणत्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून जाईल आणि किती इंधन घेईल हे जिथे ठरते, ती ही जागा. तिथल्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला मिळालेले जवळजवळ सगळेच आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. आपला खरा प्रश्न अंतराचा नाहीच. आई विमानतळाच्या दाराबाहेर किती वाजता येतील, हा आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो. ते पटण्यासाठी मधली साखळी समजून घेणे आवश्यक आहे.

अंतराचा गोंधळ चटकन सुटण्यासारखा आहे. मुंबई आणि हीथ्रो या दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तेच अंतर साध्या मैलांत ४,४८० आणि आमच्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या सागरी मैलांत ३,८९० होते, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेव्हा तीन आकडे असले तरी अंतर एकच आहे.

मात्र हे ‘सर्वांत कमी अंतर’ भिंतीवरच्या नकाशात दिसते तिथून जात नाही. सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले, तर रेषा साधारणपणे सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो बराच उत्तरेकडे सरकतो. सौराष्ट्राचा किनारा सोडून पाकिस्तानातील बलुचिस्तान, मग इराण, अझरबैजान, काळा समुद्र आणि क्रिमियाचा परिसर, युक्रेन, पुढे स्लोव्हाकिया आणि पोलंडची सीमा, जर्मनी आणि लंडन असा तो मार्ग आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. विमान मुंबईहून निघते तेव्हा पश्चिमेकडे जाण्याऐवजी चक्क वायव्येकडे तोंड करते, ते यामुळेच. याच हिशेबाने दिल्ली ही मुंबईपेक्षा लंडनला सुमारे ५०० किलोमीटर जवळ आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

आता वर सांगितलेल्या देशांची यादी पुन्हा वाचावी. या मार्गावरचे किती आकाश आज सगळ्यांसाठी खुले आहे? युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केली आणि त्यानंतर ती बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच घडले होते. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्रायल यांच्यातील संघर्षाच्या काळात इराण आणि इराक या दोन्ही देशांचे आकाश काही दिवस बंद राहिले. अशा प्रत्येक वेळी नियोजन कक्षात त्या दिवसाची रेषा नव्याने आखावी लागते.

भारतीय कंपनीचे विमान मुंबईहून निघून अरबी समुद्रावरून आखाताकडे गेले आणि पुढे इराक व तुर्कस्तानवरून युरोपात शिरले, तर अंतर ७,५०० किलोमीटरच्या आसपास भरते. इराकही टाळायचे ठरले आणि ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, भूमध्य समुद्र असा दक्षिणेकडचा वळसा घेतला, तर ते ७,९०० पर्यंत जाते. म्हणजे ज्या संकेतस्थळावर आपल्याला आठ हजारांच्या जवळचा आकडा दिसेल, त्याने बहुधा प्रत्यक्ष उडालेला मार्ग मोजलेला असतो. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे आपले नुकसान मर्यादित राहते. दिल्लीच्या विमानांना आधी खाली गुजरातकडे येऊन मगच पश्चिमेकडे वळावे लागते, त्यामुळे त्यांचा वळसा हजार किलोमीटरच्याही पुढे जातो आणि गोलावर जवळ असलेली दिल्ली प्रत्यक्षात मुंबईपेक्षा लांब पडते. पाकिस्तानची ही बंदी ब्रिटिश कंपन्यांना लागू नाही. म्हणून एकाच रात्री मुंबईहून लंडनला निघालेली दोन कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि त्यांच्या छापील वेळांत फरक असू शकतो. हा फरक पाहून एका कंपनीचे विमान ‘हळू’ आहे असा निष्कर्ष काढू नये.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती पैशाची. कोणत्याही देशाच्या आकाशातून जाताना त्या देशाला शुल्क द्यावे लागते आणि ते दर देशागणिक वेगळे असतात. त्यामुळे संगणक आम्हाला चार-पाच मार्ग सुचवतो तेव्हा सर्वांत लहान मार्ग सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. इंधन, शुल्क आणि वेळ यांची बेरीज करून त्या दिवसाचा मार्ग निवडला जातो.

आता वेळेकडे वळू. या मार्गावरची बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारखी विमाने ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान सुमारे उणे ५६ अंश असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरायला हरकत नाही. ७,२०० भागिले ९०० केले की बरोबर आठ तास येतात. आपल्याला मिळालेले ‘आठ तास’ हे उत्तर इथून आलेले आहे. अंतर सांगणारी बहुतेक संकेतस्थळे हाच भागाकार करतात, आणि फार तर वर अर्धा तास मिळवतात. हा आकडा प्रवासाच्या नियोजनासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्यात वारा नाही, वळसा नाही आणि विमानतळही नाही.

या तिघांत सर्वांत मोठा वाटा वाऱ्याचा असतो. ताशी ९०० हा वेग विमानाच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. ती हवा स्वतःच पूर्वेकडे वाहत असेल, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाचा जमिनीवरचा वेग तेवढ्याने घटतो आणि पूर्वेला येणाऱ्याचा वाढतो. हिवाळ्यात उत्तर भारतापासून आखातापर्यंतच्या पट्ट्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा झोत असतो आणि त्याच्या गाभ्यात वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरहूनही अधिक असतो. विमान सगळा वेळ या गाभ्यात नसते, आम्ही त्याला शक्य तितके बाजूने नेतो. तरी पूर्ण प्रवासाची सरासरी काढली तर ताशी ६०-७० किलोमीटर विरोधी वारा हिवाळ्यात मुळीच अनपेक्षित नाही. उन्हाळ्यात हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. पावसाळ्यात तर दक्षिण भारतावर, आणखी उंचीवर, उलट दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. भारतीय हवामान विभागाचे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. मुंबई त्याच्या मुख्य पट्ट्याच्या उत्तरेला असल्याने लंडनच्या विमानाला त्याचा लाभ थोडाच आणि सुरुवातीलाच मिळतो, पण हिवाळ्यातला विरोध नसणे हाच मोठा फायदा असतो.

आपल्या आईच्या नोव्हेंबरातल्या प्रवासाचा हिशेब करून दाखवतो. मार्ग ७,६०० किलोमीटरचा धरला आणि सरासरी ६० किलोमीटर विरोधी वारा धरला, तर जमिनीवरचा वेग ताशी ८४० होतो आणि नुसत्या मार्गाला नऊ तास लागतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची साधारण पंधरा मिनिटे मिळवावीत. मुंबईत विमान दारापासून (गेटपासून) हलल्यावर धावपट्टीवर चाके सुटेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, आणि हीथ्रोला उतरल्यावर दारापर्यंत पोहोचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. बेरीज दहा तासांच्या जवळ जाते. परतताना तोच वारा पाठीशी असेल, तर जमिनीवरचा वेग ताशी ९६० होतो आणि सगळे धरून साडेआठ ते नऊ तासांत विमान मुंबईत दाराशी लागते.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. समजा अंतर ७,५०० किलोमीटर आहे आणि वारा मुळीच नाही, तर जाऊन-येऊन १६ तास ४० मिनिटे लागतील. ताशी १०० किलोमीटर वारा असेल, तर जाताना ९ तास २२ मिनिटे आणि येताना साडेसात तास, म्हणजे एकूण १६ तास ५२ मिनिटे. बारा मिनिटे जास्तच लागली, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते आणि पाठीशी असलेल्या वाऱ्याचा फायदा त्याला कमी वेळ मिळतो.

तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतो, हे यातून लक्षात आले असेल. चाकांखालची अडसरे काढून विमान दारापासून हलल्यापासून ते दुसऱ्या दारापाशी उभे राहीपर्यंतचा तो काळ असतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. हवेतला वेळ वेगळा. विमानात समोरच्या पडद्यावर ‘उरलेला वेळ’ दिसतो, किंवा वैमानिक ‘आज आपला उड्डाणाचा वेळ नऊ तास पंधरा मिनिटे आहे’ असे सांगतात, तो हा हवेतला वेळ. दोन्हींत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असणे स्वाभाविक आहे.

ब्लॉक टाइम कंपनी कसा ठरवते, हे सहसा सांगितले जात नाही. मागच्या काही वर्षांत त्याच ऋतूत त्या मार्गावर प्रत्यक्ष किती वेळ लागला याची आकडेवारी घेतली जाते आणि बऱ्याचशा दिवशी विमान वेळेवर पोहोचेल एवढी सूट त्यात ठेवली जाते. सूट फार ठेवली तर विमान आणि कर्मचारी विनाकारण अडकतात. कमी ठेवली तर वक्तशीरपणा बिघडतो. याच कारणाने उशिरा निघालेले विमानही कधीकधी वेळेवर पोहोचते. वैमानिकाने वेग वाढवून वेळ ‘भरून काढला’ असे प्रवासी म्हणतात, पण ताशी दहा-पंधरा किलोमीटरने वेग वाढवून दहा तासांच्या प्रवासात दहा मिनिटेच वाचतात. बाकीची जादू त्या राखीव मिनिटांची असते.

विमानतळांचा वाटाही लहान नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी रांग लागते. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण सकाळी आशिया आणि अमेरिका या दोन्ही बाजूंनी रात्रभर उडत आलेली विमाने एकाच सुमारास येतात. त्यामुळे शहराच्या भोवती ठरवून दिलेल्या चार जागी विमानांना घिरट्या घालत थांबवले जाते. शिवाय रात्री तिथे विमानांच्या संख्येवर आणि आवाजावर कडक मर्यादा आहेत, म्हणून वाऱ्याने साथ दिली तरी फार लवकर पोहोचून उपयोग नसतो. पंधरा-वीस मिनिटे घिरट्या घालणे ही सकाळच्या विमानांसाठी नेहमीची बाब आहे आणि तेवढे इंधन आम्ही आधीच भरलेले असते. विमान गोल फिरत आहे हे पाहून आईंनी घाबरू नये, असे त्यांना आवर्जून सांगून ठेवा.

आता साडेचार तासांचे कोडे. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ लंडनची असते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे करतात. त्यामुळे हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार तास. नोव्हेंबरात सकाळी ६:३० म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १२. पहाटे २ पासून दुपारी १२ पर्यंत दहा तास होतात आणि आपण वर केलेल्या हिशेबाशी ते जुळतात. एप्रिलच्या अखेरीस परतताना फरक साडेचार तासांचा असेल. समजा लंडनहून सकाळी १० वाजता निघून मुंबईत रात्री ११:३० ला पोहोचणारे विमान आहे. ११:३० मधून साडेचार तास वजा केले की लंडनचे संध्याकाळचे ७ वाजतात, म्हणजे नऊ तास. जाताना साडेपाच आणि येताना साडेचार धरायचे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि हिशेब एका तासाने चुकतो. आमच्या कामात हा घोळ टाळण्यासाठी सगळ्या वेळा एकाच जागतिक प्रमाणवेळेत लिहिल्या जातात.

आईंना ठरावीक अंतराने औषध घ्यायचे असेल, तर किती तासांनी घ्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. पण त्यांना खरा प्रवास किती तासांचा आहे ते सांगावे, तिकिटावरच्या वेळा वाचून दाखवू नयेत. नाशिकहून निघण्यापासून लीड्सच्या घरात शिरेपर्यंत चोवीस तासांहून जास्त धरले तरी ते फार होणार नाहीत. मनगटावरचे घड्याळ लीड्सला पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवले, तर हिशेब सोपा राहतो. औषधे अर्थातच हातातल्या पिशवीत.

आखाती शहरात विमान बदलून जाणे स्वस्त पडते, ते घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. अंतराच्या दृष्टीने त्यात फारसे काही बिघडत नाही. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० मिळून ७,४३० किलोमीटर होतात, म्हणजे सरळ मार्गापेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त. वेळ वाढतो तो मधल्या थांब्याने आणि दोनदा चढण्या-उतरण्याने. एअर इंडियाने ८ जून १९४८ रोजी लंडनची सेवा सुरू केली, तेव्हा विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत जात असे, कारण थांबल्याशिवाय जाणे त्या काळी शक्यच नव्हते. आज तो पर्याय पैशासाठी घ्यायचा असतो. एकट्या, पहिल्यांदाच निघालेल्या वयस्कर व्यक्तीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी मी थेट विमानच घेईन. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असतील, तर पहिल्याला उशीर झाल्यास पुढची सोय कंपनी करते. स्वतंत्र तिकिटे असतील तर कोणीच करत नाही, हेही लक्षात ठेवावे.

लीड्सच्या बसचेही असेच आहे: ती स्वतंत्र तिकिटावरची दुसरी फेरी आहे आणि विमानाच्या उशिराशी तिला काही देणेघेणे नाही. म्हणून असा हिशेब करा. आपल्या विमानाचा क्रमांक घ्या आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर गेल्या एक-दोन आठवड्यांत ते प्रत्यक्ष किती वाजता पोहोचले ते पाहा. सरासरी काढू नका. अगदी अपवादात्मक दिवस सोडून जो सर्वांत उशिराचा दिवस असेल, तो धरा. माझ्या अंदाजाने छापील वेळेपेक्षा तास-दीड तास उशीर होणारे दिवस त्यात सापडतील. पुढे पासपोर्ट तपासणी. हीथ्रोवरची स्वयंचलित दारे भारतीय पासपोर्टधारक प्रवाशांसाठी नाहीत, त्यांना अधिकाऱ्यासमोरच्या रांगेत जावे लागते आणि सकाळी ती रांग लांब असते. चाकाच्या खुर्चीची मदत आधी नोंदवली असेल, तर आई एकट्या पडणार नाहीत, पण मदतनीस येईपर्यंत विमानाच्या दाराशी थांबावे लागू शकते. मग सामान. या सगळ्याला दीड ते दोन तास धरावेत. ६:३० मध्ये हे सर्व मिळवले की नऊ ते दहा होतात. म्हणून साडेदहाच्या आधीची बस घेऊ नका, आणि थोड्या जादा पैशात वेळ बदलता येणारे तिकीट मिळत असेल तर तेच घ्या. विमान वेळेवर आले तर आईंना विमानतळावर दोन-अडीच तास बसावे लागेल, एवढाच याचा तोटा.

तारखांबद्दलही सावध करतो. पहाटे २ चे विमान ज्या तारखेचे आहे, त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आईंना मुंबईच्या विमानतळावर पोहोचायचे आहे. शुक्रवारचे तिकीट असेल तर घर गुरुवारी दुपारीच सोडावे लागेल. नियोजन कक्षात असताना मी पाहिले आहे की चोवीस तास उशिरा आलेले प्रवासी बहुतेक याच एका कारणाने येतात. परतीच्या वेळी विमान रात्री ११:३० ला दाराशी लागले तरी आई बाहेर येईपर्यंत मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असेल. नाशिकहून गाडी मागवताना चालकाला विमान उतरण्याची तारीख सांगा, आणि त्याने सोबत विमानाचा क्रमांकही लिहून घेतला आहे ना, याची खात्री करा.